माझा नंबर तुझ्यापाशी हाय

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, न्हायतर माझ्याच्यानं परत कधी सांगून व्हायचं न्हाय. बारामतीत आमच्या अभ्यासिकेच्या जिन्यात बसून फोनवर टाईप करतीय, चुका होतील, तुमी समजून घ्या. दुपारी जेवायच्या टायमाला ग्रुपवर पीडीएफ आली. पूर्वपरीक्षेचा निकाल. आत सगळ्यांच्या माना फोनमध्ये हायत. एक जण मघाशी एवढ्या जोरात ओरडला की खालचा झेरॉक्सवाला वर बघून गेला. एक पोरगी बाथरूममध्ये गेलीय ती अजून बाहेर आली न्हाय. आन् मी पीडीएफ डाऊनलोड करून ठेवलीय, उघडली न्हाय. उघडायची भीती वाटतीय.

प्रज्ञे, आता तुझ्याशीच बोलती. बाकीचे वाचतील ते वाचतील.

तुला जाऊन महिना होऊन गेला. तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत न्हाय. खिडकीजवळची, पंख्याखालची, जिच्यासाठी आधी मारामाऱ्या व्हायच्या ती. नवीन आलेली पोरगी बसायला गेली तर मीच म्हणलं, "तितं येणार हाय कुणीतरी." असं कसं म्हणलं मी? तिनं बिचारीनं सॉरी म्हणलं आन् भिंतीकडची घेतली. तुझी बाटली मी रोज भरून ठेवायचे पहिल्या आठवड्यात. मग मलाच भीती वाटायला लागली, की मी येडी व्हायला लागली का काय, म्हणून बंद केलं.

पण आज मुद्दा खुर्चीचा न्हाय. आज मुद्दा नंबरचा हाय.

ज्यांना आमच्या अभ्यासिकेचा नियम माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगती, तू मधे बोलू नको. हितं आपला निकाल आपण बघायचा न्हाय. जोडीदारानं बघायचा. हे चालू झालं कऱ्हाटीच्या नितीनमुळं. नितीननं आपल्याच डोळ्यांनी लिस्ट बघितली आन् दोनशे एकोणसत्तरच्या जागी दोनशे शहाण्णव वाचलं. आनंदात कुणाला काय दिसतं का? गावात पेढे वाटले. मित्रांनी संध्याकाळपर्यंत फ्लेक्स लावला, हा एवढा, गॉगल घातलेला नितीन आन् खाली छत्तीस जणांचे फोटो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाण्या माणसानं लिस्ट परत वाचली. तो फ्लेक्स आता त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यावर हाय, पावसापाण्याचा उपयोगी पडतो. नितीन स्वतःच हसत हसत सांगायचा, पण सांगताना कान लाल व्हायचे त्याचे.

तेव्हापासून नियम. हॉलतिकीट आलं की ते जोडीदाराला द्यायचं, फोनमधली कॉपी उडवायची, नंबर पाठ करायचा न्हाय. निकाल आला की जोडीदार बाहेर जाणार, एकेक आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचणार, दोनदा, आन् आत येऊन फक्त एक शब्द बोलणार. 'हाय' न्हायतर 'न्हाय'. सॉरी न्हाय, मिठी न्हाय, "अगं पण कट ऑफ लई वर गेला" असलं काय न्हाय. ते सगळं चहा पिल्यावर.

गेल्या वेळी तू माझा बघितलास आन् मी तुझा. ह्याच जिन्यात. तू वरून आलीस, मी खालून. तू म्हणलीस, "न्हाय." मी म्हणलं, "न्हाय." मग आपण दोघी एकदमच हसायला लागलो, आठवतंय का? टपरीवाल्याला वाटलं पोरी पास झाल्या, त्यानं चहात आलं जास्त घातलं. तू त्याला म्हणलीस, "मामा, नापास चहा द्या, पास चहा पुढच्या वेळी."

तर यंदा माझं हॉलतिकीट तुझ्याजवळ. तुझं माझ्याजवळ. तुझं हॉलतिकीट माझ्या पाकिटात हाय, फोटोत तू पोलीस स्टेशनला बसवल्यासारखी दिसती. माझं तुझ्या निळ्या वहीत, ती वही तुझ्या बॅगेत, ती बॅग तुझ्या गावाला, इंदापूरच्या पुढं. मला माहीतय की साईटवर लॉगिन करून मला माझा नंबर काढता येईल. दोन मिनिटाचं काम. पण मग ते मीच बघणार ना. माझ्याकडनं न्हाय होणार ते.

तू मला बारके म्हणायचीस. मी तुला पहिल्या दिवशी ताई म्हणलं तर तू सगळ्या अभ्यासिकेसमोर म्हणलीस, "ए बारके, ताई म्हणू नको, फॉर्म भरताना वय कळतंच की सगळ्यांना." पाचवा प्रयत्न होता तुझा. मला त्याची बी भीती वाटायची, खरं सांगती. तुझ्याकडं बघून मला वाटायचं, मी पण अशीच सव्वीस-सत्तावीसची होईन का हितंच, पंख्याखाली? हे मी तुला कधी बोलले न्हाय. तुला कळलं असणार. तुला सगळं कळायचं.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. शिक्षक पात्रता परीक्षा तू पास झाली होतीस. मी तुला रोज म्हणायचे, "अगं शाळेत लाग की, पोरं शिकव, कशाला ह्या मागं लागलीस?" आन् तू म्हणायचीस, "शाळेत खिडकी न्हाय." मला वाटायचं टिंगल करतीय. मग एकदा कालव्याच्या कडंनं चालताना सांगितलंस. तू दहा वर्षांची, पप्पांबरोबर जातीच्या दाखल्यासाठी इंदापूरला गेलेलीस. स्कॉलरशिपला लागत होता. पप्पांनी कागद रुमालात गुंडाळलेले, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत. खिडकीतला माणूस न बघताच म्हणला, "उद्या या." पप्पा म्हणले, "बरं साहेब." दुसऱ्या दिवशी परत एसटी, परत रांग, परत "उद्या या." परत "बरं साहेब." चौथ्या दिवशी तू परतीच्या एसटीत विचारलंस, "पप्पा, उद्या म्हणजे कधी?" आन् पप्पा खिडकीतनं बाहेर बघत बसले. डाळिंबाच्या बागेत पन्नास बायांना कामाला लावणारा माणूस, त्या खिडकीपुढं उलटा एक शब्द बोलू शकला न्हाय.

"मला त्या खिडकीच्या आत बसायचंय बारके," तू म्हणलीस. "दुसरं काय नको. आत बसायचं आन् कुणाला उद्या या म्हणायचं न्हाय."

आन् मग माझ्यावर घसरलीस. ओढणी डोक्याला फेट्यासारखी गुंडाळून मुलाखत घ्यायचीस ना माझी. "कुमारी कोमल, राहणार वडगाव निंबाळकर. घरी ऊस हाय, गोठ्यात गाया हायत, मग तुमी प्रशासनात कशाला आलात?"

मी घडाघडा म्हणायचे, "सर, मला समाजासाठी काहीतरी करायचंय."

"काहीतरी म्हणजे काय बाई? भजी?"

"अगं प्रज्ञे, क्लासमध्ये असंच सांगितलंय."

"क्लासवाल्याला घेऊन जा मग मुलाखतीला. खरं सांग. कशाला आलीस?"

मी दर वेळी चिडायचे. एकदा तर दोन दिवस बोलले न्हाय तुझ्याशी. कारण खरं उत्तर मला माहीतच नव्हतं, प्रज्ञे. आबांनी बीएस्सीनंतर स्थळं बघायला काढली म्हणून मी फॉर्म भरला. एवढंच. भीतीनं आले मी. ते असं मुलाखतीत सांगता येतं का? आन् आता आबा म्हणलेत, यंदा शेवटचं. ह्या पीडीएफमध्ये माझं ते शेवटचं हाय का पुढचं, ते लिहिलंय.

आबांवरून आठवलं. तू आमच्या घरी एकदाच आलीस. आईनं थालीपीठ केलेलं. आबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आडनाव काय म्हणलं?" तू सांगितलंस. आबा "बरं बरं" म्हणले आन् उठून गोठ्यात गेले, धारेची वेळ नसताना. तू थालीपीठ पूर्ण खाल्लंस, आईला लई छान झालंय म्हणलीस, एसटीत मला सगळी राज्यघटनेची कलमं विचारत आलीस. परत कधी आली न्हाईस. मी परत कधी बोलवलं न्हाय. त्याच्यावर आपण एक शब्द बोललो न्हाय, रोज बारा-बारा तास शेजारी बसून. मी बोलायला पाहिजे होतं. तू कशाला बोलशील.

आता जे सांगायचंय ते सांगती. उगं लांबवत बसलीय मी.

पेपरच्या चार दिवस आधी तुला ताप आला. तू दोन स्वेटर घालून बसलेलीस, बाहेर उकडत होतं. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणलीस. मी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी परत आला. तेव्हा तू पुस्तक मिटलंस, तू कधी पुस्तक मिटत न्हाईस, आन् मला म्हणलीस, "बारके, दवाखान्यात जाऊन येऊया का गं?"

आन् मी म्हणलं, "पेपर होऊ दे की. आता गेलीस तर रक्त तपासायला लावतील, सलाईन लावतील, दोन दिवस जातील. पेपर झाला की डायरेक्ट जाऊ, मी येती तुझ्याबरोबर."

तू पुस्तक परत उघडलंस. मग म्हणलीस, "बरं मॅडम."

हसून म्हणलीस. मी पण हसले. आत्ता टाईप करताना मला कळलं की तू ते कुठनं आणलं होतंस. आईशप्पथ, आत्ता कळलं. महिनाभर मी तो सीन हजार वेळा आठवला, पण आत्ता.

पेपर दिलास तू. अंगात ताप असताना, ओली ओढणी मानेला गुंडाळून. बाहेर आल्यावर म्हणलीस, "चांगला गेला गं, एकच इतिहासाचा प्रश्न दगा देणार." त्यावर बी भांडलो आपण, मी म्हणलं दुसरा पर्याय बरोबर, तू म्हणलीस तिसरा. दोन दिवसांनी तू ॲडमिट. पाचव्या दिवशी तू न्हाईस. प्लेटलेट, रक्तदाब, मला काय काय शब्द ऐकू येत होते. डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर. मी पॅसेजमध्ये तुझ्या चपला हातात घेऊन उभी होते. काका, म्हणजे तुझे पप्पा, माझ्या शेजारी.   मला वाटलं ह्यांना आत्ता सांगावं. मग वाटलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगावं. त्या दिवशी तुमच्या दारात मांडव, पांढऱ्या साड्या, भन्तेजी बोलत होते, काकांनी मला बोलावून पुढं बसवलं आन् सगळ्यांना सांगितलं, "ही प्रज्ञाची जोडीदार. लई जपलं हिनं तिला." मला तितंच जमीन फाटून आत जावं वाटलं. मी हात जोडून बसले. न्हाय सांगितलं.

म्हणून मी पीडीएफ उघडत न्हाय. तुझा नंबर त्यात नसला तर एवढ्या तापात तू जो पेपर दिलास तो कशाला दिलास? माझ्या सांगण्यावरून दिलास. आन् असला तर? असला तर मी आत जाऊन 'हाय' कुणाला म्हणू?

थांब. उघडती.

उघडली.

अगं सर्च होत न्हाय ह्यात. फोटो काढून पीडीएफ केल्यासारखी हाय. नुसते आकडे, सहा रांगा, पानंच्या पानं. तुझं हॉलतिकीट मांडीवर ठेवलंय. बोट ठेवून वाचतीय, मोठ्यानं, नियमानं. झेरॉक्सवाला परत वर बघून गेला.

प्रज्ञे.

परत वाचती. एकेक आकडा. शेवटचे तीन सात, एक, नऊ. सात. एक. नऊ. एकोणीसच हाय, एक्क्याण्णव न्हाय. तिसऱ्यांदा वाचलं.

मी जिन्यात बसून किती वेळ रडले मला माहीत न्हाय. मधे कोण कोण पायऱ्या चढून गेलं, दोघींनी पाठीवरून हात फिरवला, त्यांना वाटलं माझा न्हाय आला. मग मी काकांना फोन लावला. दुसरं कोण हाय ज्याला सांगायचं? मागं मोटारीचा आवाज येत होता, बागेला पाणी चालू असणार.

मी म्हणलं, "काका, मी कोमल."  नियमच तोंडात बसलेला. मी म्हणलं, "काका, हाय."

"कोण हाय?"

असं विचारलं गं त्यांनी. "कोण हाय?" म्हणून. जसं काय... मी फोन तोंडापासून लांब धरला.

मग सांगितलं. निकाल लागलाय, प्रज्ञाचा नंबर लिस्टमध्ये हाय, पास झाली ती. तिकडनं नुसती मोटार. मला वाटलं, आता न्हाय सांगितलं तर कधीच न्हाय. एका दमात बोलले. "काका, तिला पेपरच्या आधीपासून ताप होता, मला माहीत होतं, ती दवाखान्यात जाऊ म्हणली होती, मीच म्हणलं पेपर होऊ दे, मीच अडवलं तिला."

"काय म्हणलीस बाळा? मोटारीचा आवाज हाय, ऐकू येईना. थांब, बंद करून येतो."

परत म्हणायचं होतं ते मला. ते गेले, मोटार बंद झाली, चपलांचा आवाज परत जवळ आला, तेवढ्यात मी तीनदा फोन कट करायला बोट नेलं. "हं, बोल आता," म्हणले. आन् आता एवढी शांतता होती तिकडं की पाखरांचा आवाज येत होता. मी परत सगळं सांगितलं. ह्या वेळी हळूहळू, कारण पळायला जागाच नव्हती.

 मी म्हणलं आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं.

काका म्हणले, "मला बी केलता तिनं फोन."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"त्याच दिवशी. पप्पा, अंग लई दुखतंय, घरी येऊ का म्हणली. मी म्हणलं, बाळा, एवढ्या वर्षांचा अभ्यास, पेपर तीन दिवसांवर आलाय, एवढा दे आन् मग ये. आपण जाऊ दवाखान्यात." मग म्हणले, "तिच्या आईला अजून सांगितलं न्हाय मी. तुलाच सांगतोय."

प्रज्ञे, तू मला सांगितलं न्हाईस की तू पप्पांना फोन केलतास. त्यांना सांगितलं न्हाईस की मला विचारलंस. दोघांकडनं एकच उत्तर घेऊन तू आपली पुस्तक उघडून बसलीस. मला तुझा राग आलाय. खरंच आलाय. तिसऱ्या कुणाला तरी विचारायचं होतंस की गं. न्हायतर विचारायचंच नव्हतं, उठून जायचं होतंस. दुसऱ्यांसाठी खिडकीत बसायला निघालेली तू, आन् स्वतःच्या वेळी रांगेत उभी राहिलीस.

काकांनीच विचारलं शेवटी. "तुझं काय झालं?"

"माझा नंबर तिच्या वहीत हाय, काका."

"व्हय. निळी वही. हाय माझ्याजवळ."

"तेवढा फोटो काढून पाठवता का?"

"न्हाय," काका म्हणले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"अगं वहीवर लिहिलंय तिनं. कोमलचा नंबर, कोमलला दाखवू नये. खाली दोन रेघा मारल्यात. मग मला कसं पाठवता येईल? जोडीदारानंच बघायचा म्हणं ना तुमच्यात? आता ती न्हाय तर तिच्यावतीनं मी बघतो. मला ते फोनमधलं समजत न्हाय, गावात सेवा केंद्र हाय, तितं जातो. तू हलू नको."

हसावं का रडावं मला कळेना. कागदावर लिहिलेलं एवढं पाळणारा माणूस मी बघितला न्हाय दुसरा. आन् सेवा केंद्रात काका जाणार? ज्यांना विजेच्या बिलाच्या खिडकीत बी तू पुढं घालून न्यायचीस ते?

गेले. मघापासून मी ही पोस्ट लिहीत बसलीय ती त्यांचा फोन येईस्तोवर. भीती वाटली की टाईप करायचं, एवढंच जमतंय. पहिला फोन आला तो निकालाचा नव्हता. काका कुजबुजत होते. "तो म्हणतोय साईट चालत न्हाय, उद्या या."

 मी म्हणलं, "असू द्या काका, राहू द्या, मी बघती माझं—"

"मी त्याला म्हणलं, न्हाय."

"काय?"

"म्हणलं, न्हाय, आजच. माझ्या लेकीचं काम हाय, मी हितंच बसतो. खुर्ची ओढून बसलोय. तो बघतोय माझ्याकडं." मग अजून हळू आवाजात, "कोमल, माझं चुकलं का गं? रागवंल का तो?"

मी म्हणलं, "न्हाय काका. बसा तुमी. अजिबात उठू नका."

प्रज्ञे, तू बघायला पाहिजे होतंस. मी पण बघितलं न्हाय, मी तर हितं साठ किलोमीटर लांब जिन्यात बसलीय, पण मला दिसतंय. पांढरा सदरा, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तुझी वही. तू ओढणीचा फेटा घालून मला सारखी विचारायचीस ना, कशाला आलीस? त्या प्रश्नाला आज पहिल्यांदा मला काहीतरी म्हणावं वाटलं. म्हणजे 'काहीतरी' न्हाय. पण अजून नीट वाक्य होत न्हाय. झालं की सांगीन.

फोन वाजतोय.

झालं. बोलले.

कसं सांगितलं ते सांगती. आधी दम लागलेला त्यांना. मग म्हणले, "एकेक आकडा वाचला. त्याला बी वाचायला लावला. तीनदा."  त्यांना माहीत होतं की एकच शब्द बोलायचाय. तू वहीत ते पण लिहून ठेवलं असणार.

"न्हाय," काका म्हणले.

मी म्हणलं, "बरं."

कुणीच फोन ठेवला न्हाय. मागं केंद्रातला माणूस विचारत होता, "आजोबा, प्रिंट काढू का?" आन् काका त्याला म्हणले, "काढ की. माझ्या पोरीचा नंबर हाय त्यात." मग मला म्हणले, "आता चहा पी तू. तुमच्यात चहा असतो ना. आन् पुढचा फॉर्म भरलास की हॉलतिकीट मला आणून द्यायचं. मीच बघणार. आता मला येतंय."

"आबा म्हणलेत शेवटचं," मी म्हणलं.

"वडगाव निंबाळकरच ना? येऊ का मी? बोलतो त्यांच्याशी." मग घाईघाईनं, "रविवारी येतो. न्हाय, रविवार कशाला, परवाच येतो."

आमच्या घरी. काका. आबांसमोर. मी काय बोलू? तू जिथं थालीपीठ खाऊन गेलीस तिथं तुझे पप्पा येणार, माझ्यासाठी बोलायला. मला एवढी भीती निकालाची बी वाटली नव्हती. आबा परत गोठ्यात निघून गेले तर? पण मी 'येऊ नका' म्हणलं न्हाय, प्रज्ञे. मी म्हणलं, "या काका. मी स्टँडवर घ्यायला येती." एवढं तरी मी केलं. आन् ह्या वेळी आबा उठले तर मी त्यांच्या मागं गोठ्यात जाणार. बोलणार. तुझ्या वेळी बोलले न्हाय ते पण.

इतिहासाचा तो प्रश्न, तिसरंच उत्तर होतं. फायनल आन्सर की आली तेव्हाच बघितलं. तू जिंकलीस. टपरीवर जातीय आता. मामांना काय सांगू, पास चहा द्या का नापास? एक एक सांगती.

घरी अजून कुणाला कळलं न्हाय. आबा असल्या पोस्टी वाचत न्हाईत, पण तुमच्यापैकी कुणी वडगावचं असलं तर परवापर्यंत बोलू नका, पाया पडती.

आन् वाचणाऱ्यांनो, तुमी जे कुठं कुठं अभ्यासिकेत बसलाय, लायब्ररीत, गावाकडं माळ्यावर, मला खरं सांगा. तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या कुणाला तुमी कधी म्हणलंय का, पेपर होऊ दे, मग बघू? तुम्हाला कुणी म्हणलंय का? आन् तुमचा नंबर कुणाजवळ हाय?